नव्या जन्माची तारीख

सलोमीबाईंचं नाव चर्चच्या मंडळीच्या वहीतून मी कापलं. पट्टी धरून, निळ्या पेनाने, एक सरळ रेघ. मी प्राथमिक शाळेत मास्तर आहे, वाकडी रेघ माझ्या हातून सहसा जात नाही. शेजारी सेक्रेटरी म्हणून सही केली, वही कपाटात ठेवली आणि घरी जाऊन जेवलो. जेवलो, हे मुद्दाम सांगतो. रेघ मारल्यावर मला काहीच वाटलं नव्हतं.

आता बाई नाहीत. लातूरला लेकीकडे गेल्या आणि वर्षाच्या आत तिथेच त्यांना माती दिली. त्या गेल्यावर लिहायला याला धीर आला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे, ते खरं आहे.

मुखेडमध्ये त्यांना सलोमीबाई म्हणणारी आम्ही चाळीसेक ख्रिस्ती घरं. बाकीचं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं, कारण सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, साडी नेहमी फिकी. निवृत्त झाल्यावरही घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, नाडी मोजताना दिसावं म्हणून. उपासना सुटल्यावर आमच्यात एकमेकांना हात देऊन सलाम करायची पद्धत आहे. बाईंच्या हातात हात दिला की त्यांची दोन बोटं आपोआप मनगटावर सरकायची.

"सलाम, बाई."

"सलाम. रात्री झोपला न्हाईस वाटतं. कामून?"

त्यामुळे काही माणसं त्यांना लांबूनच सलाम करायची.

प्रार्थना करताना त्या डोळे मिटत नसत. सगळी मंडळी डोळे मिटून, मान खाली घालून बसलेली आणि बाई एकट्या समोर बघत उभ्या. नव्या माणसाला ते उद्धटपणाचं वाटे. कुणी विचारलंच तर सांगायच्या, "सवय हाय. सलाइन लावलेल्या माणसापाशी डोळे मिटून चालत न्हाई. देव काय, त्याला दिसतंयच." त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, खुणेला इंजेक्शनच्या खोक्यांची झाकणं असत. एका पानाला ताप, एकाला खोकला. येशूने 'जमावाला भाकर वाटली' त्या पानाला जुलाबाच्या गोळ्यांचं झाकण होतं, ते बघून मी एकदा हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढी मानसं उघड्यावर जेवली, दुसऱ्या दिवशी काय झालं आसंल त्याचा इचार कर की."

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे भाकरीचा तुकडा खातात आणि द्राक्षाचा रस घेतात. त्याची भाकर बाईच करायच्या. गव्हाची, जाड, बिनमिठाची, तव्यावर भाजलेली, कडेला थोडी करपलेली. काळ्या मनुका आदल्या संध्याकाळी भिजत घालून सकाळी फडक्यातून रस गाळायच्या. माझ्या लहानपणापासून ती भाकर तशीच येत होती. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, चार-पाच बदलले, भाकर बदलली नाही.

माझं शाळेतलं नाव जनार्दन आहे, मंडळीतलं योना. आमच्याकडे अशी दोन नावं असणं नवलाचं नाही. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. वडिलांनी मला शाळेत घालताना धर्माच्या रकान्यात 'हिंदू मांग' लिहिलं, कारण ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाते. त्याच कागदावर मला नोकरी लागली. तो दाखला आजही माझ्या कपाटात आहे. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे. ज्याला त्याचं जे करायचं असेल ते त्याने खुशाल करावं.

नेमणुकीचा आदेश आला तेव्हा मी पेढे घेऊन बाईंकडे गेलो. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. पेढा त्यांनी खाल्ला. मी मात्र रडायला लागलो. म्हणालो, "बाई, हा नाकार झाला का हो? मी त्याला नाकारलं का?"

"कुनाला?"

"प्रभूला."

त्यांनी माझ्यापुढे अर्ध्या शेंगा सरकवल्या. "फोड. रिकामा बसून रडू नको. तुह्या बापानं पोटासाठी लिवलं. देवाला तहसीलचा शिक्का लागत न्हाई. जा, नोकरी कर, लेकरं नीट शिकव." मग टरफलं गोळा करताना म्हणाल्या, "फक्त एक कर, योन्या. दुसऱ्याच्या कागदाकडं कदी बोट दावू नको."

त्यांनी स्वतः मात्र सगळ्या कागदांवर 'ख्रिश्चन' लिहिलं होतं. त्यापायी त्यांची मुलगी रूथ हिची मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. रूथ त्यांच्याशी सहा महिने बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, "तुझ्या विश्वासाची फी मी भरली." दुसऱ्या कुणी असतं तर हा त्याग साक्ष म्हणून मंडळीपुढे उभं राहून सांगितला असता. बाई तो गुन्हा कबूल केल्यासारखा सांगायच्या. "बरोबर केलं का चूक, ठाऊक न्हाई. पुन्यांदा रकाना पुढं आला तर तेच लिवीन. पर पोरगी रडली, ती बी खरी."

मग आमच्याकडे नवे पाळक आले. त्यांचं नाव अभय. नांदेडचे, रेल्वेतल्या माणसाचे चिरंजीव. ते वाईट माणूस नव्हते, हे मला नीट लिहायला हवं. आठवड्यातून एक दिवस उपास करायचे, भर उन्हात मोटरसायकलवर खेडोपाडी फिरायचे. तरुणपणी ते दारूत बुडाले होते. एका दुपारी रेल्वे क्वार्टरच्या मागच्या लिंबाखाली त्यांचं आयुष्य फिरलं. तो दिवस, तारीख, वेळ त्यांना पाठ होती, आणि ते सांगताना त्यांचा आवाज अजूनही कापायचा. त्यांच्यासाठी नवा जन्म खरोखर एका तारखेला झाला होता. "आपण सुवार्तिक विश्वासी आहोत," ते म्हणायचे, "नुसते नावाचे ख्रिस्ती नाही." आमच्यातली माणसं नाताळला पुढच्या बाकावर आणि जत्रेला त्याच्याही पुढे असतात, हे त्यांनी दोन महिन्यांत ओळखलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

त्याच वर्षी पोलीस ठाण्याचं प्रकरण झालं. किराणा दुकानदार अप्पांची सून बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली होती. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. बाई रोज संध्याकाळी जाऊन सुनेची जखम धुवायच्या, पट्टी बांधायच्या आणि निघताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या. गावातल्या काही पोरांनी अर्ज दिला की इथे धर्मांतर चालतं. पाळकांना, बाईंना आणि सेक्रेटरी म्हणून मला ठाण्यात बोलावलं.

हवालदाराने मला नाव विचारलं. मी म्हणालो, "जनार्दन."

"तुमीबी त्यांच्यातलेच का, सर?"

"नाही म्हणजे... मी त्यांचं कागदपत्र बघतो."

पाळकांना माझं हे बोलणं ऐकू गेलं नाही, ते कोपऱ्यात अर्ज वाचत होते. बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. हवालदाराने मग त्यांना खुर्ची दिली.

"सिस्टरबाई, तुमी लोकांचं धर्मांतर करता म्हनं?"

"हवालदारसाहेब," बाई म्हणाल्या, "मह्यंच अजून पुरं झालं न्हाई. दुसऱ्याचं कुठून करू?"

हवालदार हसला, मागचा शिपाईही हसला. तेवढ्यात अप्पा स्वतः धोतर सावरत आले आणि ओरडले, "बाईला मी बोलावतो! मह्या घरात कोन यावं ते ही पोरं ठरवनार व्हय?" प्रकरण तिथेच मिटलं. अर्धा तास लागला नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, पाळक बाईंचे आभार मानतील. ते मोटरसायकलपाशी जाऊन थांबले. मग म्हणाले, "बाई, ते वाक्य बरोबर नव्हतं."

"कोनतं?"

"पुरं झालं नाही, असं म्हणालात. तारण झालेल्या, नवा जन्म मिळालेल्या माणसाने जगासमोर असं म्हणायचं नसतं. एक तर झालेलं असतं, नाही तर नसतं."

"आसंल बाबा," बाई म्हणाल्या. "तुह्यं लवकर झालं. मह्यं होऊन राहिलंय."

पुढच्याच महिन्यात पाळकांनी छापील फॉर्म आणले. सभासदांची वही नव्याने करायची, ज्याचा फॉर्म पूर्ण त्याचंच नाव वहीत, आणि ज्याचं नाव वहीत तोच प्रभुभोजनाला टेबलापाशी येणार. पहिला रकाना नव्या जन्माच्या तारखेचा. मग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा झाला का? परक्यांच्या सणाचं खाता का? आणि शेवटी एक वाक्य, त्याखाली सही: 'मी जगासमोर उघडपणे ख्रिस्ती म्हणून जगतो.'

मंडळीत आठवडाभर तारखांची धांदल उडाली. कुणी लग्नाची तारीख लिहिली, कुणी ऑपरेशनची. एकाने मला विचारलं, "सर, नाताळ टाकला तर चालंल का?" मी दहावीतल्या एका शिबिराची तारीख लिहिली. शेवटच्या वाक्याखाली सही केली. पेन कुठेही अडलं नाही.

बाईंनी तारखेच्या रकान्यात दवाखान्याच्या टापटीप अक्षरात लिहिलं: 'होऊन राहिला आहे.' बाप्तिस्म्यापुढे लिहिलं: 'आईच्या मांडीवर, पाणी शिंपडून. पुन्हा घेणार नाही.' सणाच्या खाण्यापुढे लिहिलं: 'देणाऱ्याचा हात स्वच्छ असला तर खाते.' सही केली नव्हती.

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. पाळक, मी आणि आणखी तिघं. बाईंना बोलावलं होतं. त्या चष्म्याची डबी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. पाळकांचा स्वर नरम होता.

"बाई, माणूस जन्मला की त्याला तारीख असते. तुम्ही नर्स होता, तुम्हाला मी काय सांगू."

"व्हते म्हनून तर सांगते. तारीख आमी लिवायचो. लेकराला ठाऊक नसती."

कमिटीतला एक जण हसला आणि लगेच खोकला. पाळक म्हणाले, "मग बाप्तिस्मा तरी घ्या. परवा तळ्यावर चार जण घेणारच आहेत."

"मह्या आईनं दिलेला खोटा व्हता का?"

"तुम्हाला तेव्हा कळत होतं का?"

"आता तरी कुठं सगळं कळतंय?"

आता पाळकांचा आवाज चढला. पण तो रागाचा नव्हता. मला तेव्हा समजलं की त्यांना भीती वाटते आहे. "बाई, दिवस कसे आहेत बघता ना? आज अर्ज आला, उद्या माणसं दारात येतील. तेव्हा कोण उभं राहील आणि कोण पळेल, हे मला आज माहीत पाहिजे. अर्धे आत, अर्धे बाहेर असं घेऊन मी मंडळी कशी चालवू?"

"तवा मोज की मग," बाई म्हणाल्या. "दारात मानसं आल्यावर मोज. आत्ता कागदावर मोजून काय समजनार हाय तुला?"

पाळक माझ्याकडे वळले. "योनासर, तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले आहात, तुमचा फॉर्म सगळ्यात व्यवस्थित आहे."

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा असावा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ठाण्यातला जनार्दन त्यांना ठाऊक होता, कपाटातला दाखला ठाऊक होता. त्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर त्या दिवशी रेघ माझ्या नावावर पडली असती. मी त्या वाक्याची वाट पाहत होतो. देवाशप्पथ सांगतो, एका क्षणी मला ते हवंसं वाटलं, म्हणजे सगळंच एकदाचं संपलं असतं. बाईंनी चष्मा डबीत ठेवला, डबी बंद केली. "सारखाच असावा," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या. मग मी पट्टी घेतली.

नाव कापलं, ठराव लिहिला, पण भाकर कोण करणार हा विषय कमिटीत निघालाच नाही. पाच माणसांपैकी एकाच्याही डोक्यात तो आला नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नऊ वाजता बाई नेहमीसारख्या आल्या. टेबलावर डबा ठेवला, फडकं सोडलं, रसाची बाटली शेजारी ठेवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. पाळक त्या डब्याकडे बघत राहिले. त्यांना तो परत पाठवता आला असता. त्यांनी भाकर हातात घेतली, मोडली आणि प्रार्थना पुढे सुरू केली. ताट घेऊन रांगांमधून फिरायचं काम माझं. दारापर्यंत गेलो. बाई पायरीवरून बघत होत्या, हात पुढे केला नव्हता. मी मागे वळलो आणि माझा तुकडा खाल्ला. त्याही दिवशी भाकर चांगली झाली होती.

दुसऱ्या महिन्यातही तसंच झालं. मी त्यांना गाठलं. "बाई, तुम्ही कामून करता हे?"

"मह्यं नाव कापलं. हात थोडेच कापले?"

"आणि बाहेर बसता ते? घरी तरी जा. लोक बघतात."

"बघू दे की. टेबलापाशी येऊ नये, असं लिवलंय तू. पायरीवर बसू नये, असं कुठं हाय? ठराव तुह्याच अक्षरातला हाय, वाच एकदा."

सात महिने त्या पायरीवर बसल्या. उन्हाळ्यात डोक्यावर पदर घेऊन, नंतर छत्री घेऊन. आतून गाणं सुरू झालं की बाहेरून त्याही म्हणायच्या, आमच्यापेक्षा अर्धी ओळ पुढे. आत बसून त्यांच्या मागोमाग गायची आमच्यावर पाळी यायची. पाळकांनी एकदा दार लावून घ्यायला सांगितलं. उकाड्याने दहा मिनिटांत ते त्यांनाच उघडावं लागलं.

मग न्हाणीत पाय घसरून बाई पडल्या. गुडघा गेला. रूथ लातूरहून त्यांना घेऊन जायला आली. निघायचा दिवस ठरला तो नेमका पहिला रविवार निघाला. रूथ म्हणाली, दुसरा दिवस बघू. बाई म्हणाल्या, हाच. सामान घेऊन रूथ बसस्टँडवर थांबली आणि बाई काठी टेकत, डबा घेऊन आल्या. भाकर त्यांनी बसून, कशीबशी भाजली असणार, कारण ती एका बाजूला अगदीच काळी होती. डबा टेबलावर ठेवला आणि पायरीवर जाऊन बसल्या.

पाळकांनी भाकर मोडून ताटात ठेवली. मी ताट उचललं. पहिल्या रांगेला न देता सरळ मधल्या वाटेने दाराकडे गेलो आणि बाहेर पडलो. मागून पाळकांचा आवाज आला, "सर!" मी ताट बाईंपुढे धरलं.

बाईंनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाहेर देऊ नको," त्या म्हणाल्या. "चोरून दिल्यासारखं. धर मला."

मी त्यांना उठवलं. काठीवर जोर देत त्या आत आल्या. सगळ्या रांगा वळून बघत होत्या. टेबलापाशी जाऊन त्या पाळकांसमोर थांबल्या आणि तळहात पुढे केला. पाळक हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं नाव..."

"नाव मागायला आले न्हाई मी. भाकर मागायला आले."

पाळक दोन पावलं मागे गेले आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले. चेहरा दोन्ही हातांत झाकला. पाळकांशिवाय भाकर कुणी द्यायची, याचा नियम आमच्याकडे नव्हता, किंवा होता आणि तो कुणाला आठवला नाही. बाईंनी माझ्या हातातलं ताट घेतलं. काठी माझ्याकडे दिली. दुसरा हात बाकांच्या पाठीवर टेकत त्या पहिल्या रांगेपासून सुरू झाल्या. वॉर्डात गोळ्या वाटत जावं तशा.

"हात पुढं कर. हां. तू? कर की पुढं. लाजतोस काय."

आणि सगळ्यांनी हात पुढे केले. कमिटीतल्या तिघांनी केले. नाताळची तारीख टाकणाऱ्याने केला. मी केला. माझ्या तळहातावर त्यांनी तुकडा ठेवला तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

शेवटी त्या पाळकांच्या खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ताटात एकच तुकडा उरला होता. पाळकांनी चेहऱ्यावरचे हात काढले नाहीत. बाई थांबल्या. मागच्या बाकावर एक लेकरू रडलं, आईने त्याला बाहेर नेलं, तरी बाई तिथेच उभ्या होत्या. दुखरा गुडघा वाकला की त्या सरळ करत होत्या.

"मह्याच्यानं जास्त वेळ उभं राहवत न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या.

पाळकांनी एक हात पुढे केला. त्यांचे डोळे लाल झाले होते. बाईंनी तो शेवटचा तुकडा मोडला, अर्धा त्यांच्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. तिथेच उभ्या राहून, सावकाश, पुरा चावून खाल्ला.

आशीर्वादासाठी त्या थांबल्या नाहीत. माझ्याकडून काठी घेतली आणि मधल्या वाटेने दाराकडे निघाल्या. लातूरला जायला अहमदपूरची गाडी साडेअकराला सुटत होती, आणि रूथ एकटीच सामानापाशी बसली होती.